चुकीच्या उत्तरापाशी शिक्षक कळतो

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, निकाल दिला आणि महाराष्ट्रात शिक्षकांवरून एक जुनं भांडण नव्या जोमाने सुरू झालं. निकाल थोडक्यात असा. शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी नेमल्या गेलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही आता ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल. ज्यांच्या सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरली आहेत त्यांना दोन वर्षांची मुदत आहे, त्यात जमलं नाही तर सेवा संपली. पाचपेक्षा कमी वर्षं उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावायची का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. त्यानंतर मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, आणि समाजमाध्यमांवर ठरलेले टोमणे सुरू झाले. एका बाजूचा सवाल: मुलांच्या परीक्षा वर्षभर घेता, मग स्वतःच्या परीक्षेला का घाबरता? दुसऱ्या बाजूचं उत्तर: पंचवीस वर्षं शिकवतोय, आमच्या हाताखालची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, आता आमची पात्रता तपासणारे तुम्ही कोण?

दोन्ही वाक्यं टाळ्या घेणारी आहेत आणि दोन्ही मूळ प्रश्नाला बगल देतात. वर्गात परिणामकारक शिकवणं म्हणजे नेमकं काय, हे कुणीच सांगत नाही. एकाने ते गुणपत्रिकेत शोधलं, दुसऱ्याने सेवापुस्तिकेत. माझं म्हणणं असं की ते या दोन्हींत सापडणार नाही. आपल्या वर्गातली मुलं या विषयात कुठे आणि कशी चुकतात हे शिक्षकाला किती बारकाईने माहीत आहे, आणि चूक समोर आल्यावर त्याच तासाला तो तिचं काय करतो, यावर त्याची परिणामकारकता ठरते. मायाळूपणा, शिस्त, वक्तृत्व, फळ्यावरचं सुबक अक्षर या सगळ्याची आपापल्या जागी किंमत आहे. पण या एका गोष्टीवाचून त्यातलं काहीही मुलाच्या वहीपर्यंत पोहोचत नाही.

उदाहरण अगदी साधं घेऊ. तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २७ असं गणित आहे. उत्तर २५. दोन मुलांनी ३५ लिहिलं. बहुतेक शिक्षक दोन्ही वह्यांवर फुली मारतील, ‘हातचा विसरलास’ म्हणतील आणि गणित पुन्हा फळ्यावर सोडवून दाखवतील. पण ही दोन पस्तीस वेगवेगळी असू शकतात. एका मुलाने दशक सुटा करून बारातून सात वजा केले, पाच लिहिले, आणि मग पाच दशकांचे चार करायला विसरला. दुसऱ्याने दशक सुटा केलाच नाही. दोनातून सात जात नाहीत असं दिसताच त्याने सरळ सातातून दोन वजा केले, कारण मोठ्यातून लहान जातं एवढंच त्याला पक्कं ठाऊक आहे. पहिल्याला रीत समजली आहे, त्याचं लक्ष चुकलं. दुसऱ्याला वजाबाकी म्हणजे काय हेच अजून उमगलेलं नाही. पहिल्याला एक आठवण पुरे. दुसऱ्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक गठ्ठा स्वतः सोडायला लावला पाहिजे. दोघांना एकच औषध दिलं तर दुसरा मुलगा पाचवीत जाईल तेव्हाही तिथेच असेल.

हे ओळखायचं कसं? जाणकार शिक्षक विचारतो, ‘कसं काढलंस, सांग बरं.’ मूल बुजरं असेल, बोलत नसेल, तर तो पुढचं गणित मुद्दाम ५३ वजा २७ असं देतो. आता हातचा विसरणाऱ्याचं उत्तर ३६ येतं आणि मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं ३४. एका अंकाच्या बदलाने दोन मुलं वेगळी पडली. हे गणित निवडण्यामागे जे ज्ञान आहे, त्याला मी शिक्षकाचं खरं ज्ञान म्हणेन. ते नुसतं गणिताचं नाही. गणितात पदवी घेतलेल्या माणसाला ते असेलच असं नाही. नुसतं बालमानसशास्त्राचंही नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हे तिसऱ्या प्रकारचं ज्ञान वेगळं काढून दाखवलं: विषय आणि तो शिकवण्याची रीत जिथे एकजीव होतात ते ज्ञान. चाळीस वर्षं होत आली, तरी आपला वाद अजून ‘विषय येतो का’ आणि ‘मुलांवर प्रेम आहे का’ या दोन खुंट्यांभोवतीच फिरतो आहे.

आपल्या भाषेत एक तिसरं पस्तीसही आहे. ‘त्रेपन्न लिही’ म्हटल्यावर कित्येक मुलं ३५ लिहितात, कारण कानावर आधी तीन पडतात आणि मग पन्नास. एकोणचाळीस म्हटलं की ४९ लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची जोडपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली इथपर्यंत मजल गेली. त्या बदलाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही म्हणता येईल. पण मुलं नेमकी कुठे अडखळतात या निरीक्षणातून तो प्रस्ताव आला होता, आणि त्या निरीक्षणाबद्दल बोलणारे फार थोडे निघाले. वर्गातल्या चुकीला आपल्या सार्वजनिक चर्चेत मानच नाही.

आता टीईटी. मी टीईटीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. नव्याने सेवेत येणाऱ्याला प्रवेशाची चाळणी हवीच. १५० प्रश्न, १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्क्यांची अट; भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि बालमानसशास्त्र. पाचवीचे अपूर्णांक ज्याला स्वतःला सोडवता येत नाहीत, त्याने ते शिकवू नयेत, एवढी मागणी अवाजवी कशी म्हणायची? गरिबाघरचं मूल जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत येतं, त्याला शिक्षक निवडायची मुभा नसते. त्याच्या हक्काच्या बाजूने न्यायालय उभं राहिलं, आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या शिक्षकांच्या किमान पात्रतेबद्दलच्या कलम २३ चा अर्थ लावताना ते वावगं वागलं असं मला म्हणता येत नाही. महाराष्ट्रात या परीक्षेचा निकाल वर्षानुवर्षं एकआकडी टक्क्यांत लागतो. हेही हसण्यावारी नेण्यासारखं नाही, मग दोष उमेदवारांचा असो, प्रश्नपत्रिकेचा असो की गल्लोगल्ली निघालेल्या आणि मग ओस पडलेल्या डी.एड. महाविद्यालयांचा.

पण चाळणीचं काम वेगळं आणि मापाचं वेगळं. वीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला जोखायला चार पर्यायांतून एक निवडण्याची परीक्षा लावली, तर तिच्यातून काय कळणार? मुलांचा विचार कसा वाढतो याच्या मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या अवस्था त्याला पाठ आहेत की नाहीत, हे कळेल. त्या दोन पस्तिसांमधला फरक तो ओळखतो का, हे कळणार नाही, कारण तिथे मूल नाही, वही नाही, ‘कसं काढलंस’ विचारायला जागा नाही. निकालातली पाच वर्षांची रेघही पाहा. न्यायालयाला कुठेतरी रेघ ओढावी लागणारच होती, हे मान्य. तरी ज्याची चार वर्षं अकरा महिने उरलीत तो टीईटीशिवाय वर्गात चालतो आणि ज्याची पाच वर्षं एक महिना उरलाय तो चालत नाही, याचा मुलांच्या शिकण्याशी काय संबंध? ही सेवाशर्तींची तडजोड आहे. तिला गुणवत्तेची मोजणी म्हणू नये.

संघटनांच्या बाजूला एक भक्कम मुद्दा आहे: नेमणुकीच्या वेळी जी अट होती ती आम्ही पूर्ण केली, आता मध्येच नियम का बदलता? दहावीनंतर डी.एड. करून लागलेल्या जुन्या शिक्षकांसमोर तर आजच्या निकषांनुसार परीक्षेला बसता येईल का, हाच प्रश्न आहे. त्यांची अडचण खरी आहे आणि तिची सोडवणूक माणुसकीने व्हायला हवी. पण याच दमात ‘अनुभव हीच आमची पात्रता’ असं म्हटलं जातं, तिथे मी थांबतो. अनुभव शिकवतो, पण आपोआप शिकवत नाही. जगभरातल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: पहिल्या काही वर्षांत शिक्षक झपाट्याने सुधारतो, मग तो वेग मंदावतो. कारण उघड आहे. वर्गाचं दार बंद असतं. आपण दिलेलं स्पष्टीकरण कुठे फसलं, हे सांगणारं तिथे कुणी नसतं, आणि मुलं तर सांगतच नाहीत. पंचवीस वर्षं एकच फुली मारत राहिलं तरी तो अनुभवच म्हटला जातो.

मुलं सांगत नाहीत, यावर जरा थांबायला हवं. आपल्या शाळांमधलं सगळ्यात फसवं वाक्य ‘समजलं का?’ हे आहे. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते चाळीस गळ्यांतून एका सुरात येतं: ‘होऽऽ’. ‘बारा पंचे?’ ‘साऽऽठ!’ वर्ग दणाणतो, बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना बरं वाटतं. प्रत्यक्षात पाच-सहा मुलं उत्तर देतात, उरलेली त्या पाच-सहांच्या पाठीमागून आवाज काढतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद! यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही, टॅब लागत नाही. पण हे तीन सेकंद शिक्षकाला फार जड जातात, कारण शांत वर्ग म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

या वादात एक तिसरी, भाबडी बाजूही आहे. ती म्हणते, शिक्षक जन्मावा लागतो. जिव्हाळा असला की सगळं येतं. आणि मग साने गुरुजींचं नाव घेतलं जातं. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये आणि तिथल्या वसतिगृहात गुरुजी काय करत होते ते नीट पाहिलं, तर जिव्हाळ्याच्या जोडीला केवढी मेहनत दिसते. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. हस्तलिखित दैनिक म्हणजे आज मुलांना काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, किती, याचा दर दिवशी नव्याने केलेला विचार. डहाणूच्या पट्ट्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती तरी नुसत्या करुणेतून निघाली का? मूल शाळेत का येत नाही हे त्यांनी बारकाईने पाहिलं आणि शाळाच कुरणात नेली. प्रेमाचं कौतुक करताना त्यामागचं कसब आपण पुसून टाकतो, आणि मग सामान्य शिक्षकाला सांगतो की तुझ्यात ती दैवी देणगी नाही. हा त्याच्यावरही अन्याय आहे. कसब शिकता येतं.

शिकता येतं याचा पुरावा? गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी चीनमधल्या ७२ आणि अमेरिकेतल्या २३ प्राथमिक शिक्षकांना काही प्रश्न विचारले होते. त्यातला एक: पावणेदोन भागिले अर्धा, हे सोडवा आणि त्याला साजेशी एखादी गोष्ट किंवा उदाहरण तयार करा. सगळ्या चिनी शिक्षकांचं उत्तर बरोबर आलं आणि बहुतेकांनी योग्य उदाहरणंही रचली. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना बरोबर उत्तर काढता आलं, आणि योग्य उदाहरण जेमतेम एकाला सुचलं. गंमत अशी की औपचारिक शिक्षणाची वर्षं अमेरिकन शिक्षकांची जास्त होती. चिनी शिक्षक नववीपर्यंत शिकून दोन-तीन वर्षांच्या अध्यापन विद्यालयातून आलेले होते. म्हणजे जवळपास आपल्या जुन्या डी.एड.वाल्यांसारखेच. मग त्यांना हे आलं कुठून? मोठा भाग नोकरीत लागल्यावर आला. पाठ्यपुस्तकातला एकेक पाठ सहकाऱ्यांबरोबर बसून सोलायचा, मुलं कुठे अडकतील याचा आधी अंदाज बांधायचा, एकमेकांचे तास पाहायचे, ही त्यांच्याकडे रोजच्या कामाची रीत होती. तिथलं सगळं इथे आणावं असं मी म्हणत नाही. पण ‘पात्रता नेमणुकीच्या दिवशी ठरते’ आणि ‘पात्रता वर्षांनी वाढते’ ही दोन्ही गृहीतकं या एका उदाहरणापुढे लंगडी पडतात.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. वर्गात बसून शिक्षकाला पारखायचं म्हटलं, तर पारखणार कोण? साहेब. आणि साहेबांची वर्गतपासणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आदल्या दिवशी निरोप येतो, भिंती रंगतात, हुशार मुलं पुढच्या बाकावर येतात, पोहे होतात, शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं जातं. त्यात जात येते, गट येतो, संघटनेचं राजकारण येतं, देवाणघेवाण येते. त्यापेक्षा परीक्षा बरी, ती निदान सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांतही एका निरीक्षकाने एकदा पाहिलेल्या तासावरून शिक्षकाबद्दल भरवशाचं मत बनत नाही, असंच दिसलं.

पण परीक्षा वस्तुनिष्ठ, हा विश्वास तरी आपल्याकडे कशाच्या जोरावर उरला आहे? २०२१ च्या डिसेंबरमध्ये टीईटी गैरव्यवहारात पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक केली. पैसे घेऊन हजारो अपात्र उमेदवारांना पात्र दाखवल्याचं तपासात पुढे आलं. काही जण म्हणतात, मग शिक्षकाचं मोजमाप मुलांच्या गुणांवरून करा. हा प्रयोग जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली शिक्षणाचा कारभार पाहणारे रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेला बांधलं. ही व्यवस्था कार्यक्षम तरी होईल नाहीतर स्वस्त तरी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. झालं काय? जे मोजलं जाई तेवढंच शिकवलं जाऊ लागलं, मुलांकडून वाचनाची पुस्तकं पाठ करून घेतली जाऊ लागली. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी शाळातपासनीसही होते, त्यांनी या यांत्रिकपणाविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं. शतक संपत आलं तेव्हा कुठे ती पद्धत गेली. आणि दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मुलांच्या गुणांवर शिक्षकांचं भवितव्य टांगल्यावर २०११ च्या चौकशीत काय निघालं? ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांच्या गैरप्रकाराशी संबंध. दूषित होत नाही असं माप कुठलंच नाही. मग निदान खरी गोष्ट मोजू पाहणारं माप तरी निवडावं.

याच प्रश्नावर महाराष्ट्रातला एक माणूस १८८२ मध्येच जास्त नेमकं बोलून गेला आहे. शिक्षणाच्या पाहणीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्रशिक्षित शिक्षक मागितले, शेतकरी वर्गातून आलेले, नांगर धरायला न लाजणारे, गोरगरिबांत मिसळणारे. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा, असं आकड्यांनिशी सांगितलं. अप्रशिक्षित शिक्षकांना बदला असंही म्हटलं, पण एक अपवाद ठेवून: जे खरोखर उत्तम काम करतात त्यांना सोडून. आणि ते काम कळावं कसं? वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीचा काही उपयोग नाही, निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी, शिवाय मध्येच न कळवताही जावं, अशी त्यांची सूचना होती. प्रशिक्षण, पगार, कामगिरीचा अपवाद आणि वर्गात जाऊन पाहणं, या चारही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. आपण आज एक प्रमाणपत्र तेवढं धरून बसलो आहोत. नव्या शिक्षकांसाठी शिक्षणसेवक नावाची मानधनाची योजना २००० पासून चालवतो आहोत, ते मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर न्यायला २०२३ उजाडलं, आणि गुणवत्तेवर परिसंवाद मात्र जोरात.

शिक्षक यावर म्हणतील, वेळ कुठे आहे? दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराची नोंदवही, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात भरायची माहिती, आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो दुपारी दोनच्या आत ग्रुपवर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुकांखेरीज इतर कामं शिक्षकांना देऊ नका असं सांगतं, तरी ही यादी वाढतेच. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि टीईटीचा दंडुका उगारणाऱ्यांनी आधी तिचं उत्तर द्यावं. मात्र तिच्याने सगळं स्पष्ट होत नाही. एकाच शाळेत, त्याच गावातली मुलं, तीच कामं, तेच साहेब, तरी चौथी ‘अ’ वाचते आणि चौथी ‘ब’ अडखळते, हे पालकांना बरोबर ठाऊक असतं. म्हणून तर जूनमध्ये तुकडी बदलून मागायला रांग लागते.

मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. या काळात टीईटीचे क्लास चालतील, मार्गदर्शिका खपतील, आणि पन्नाशीतले शिक्षक वर्गात मुलांना वाचन देऊन स्वतः सराव प्रश्नपत्रिका सोडवत बसतील. निकाल पाळावा लागेलच. पण त्याच्या जोडीला दुसरं काही करायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात टीईटीसोबत प्रत्यक्ष पाठ किंवा मुलाखत घेऊन निवड करण्याची गोष्ट आहे, ती नव्या भरतीत तरी आणावी. आणि सेवेतल्यांसाठी आपल्याकडे केंद्रशाळेची रचना आयती आहे. दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा भरून, अतिरिक्त कार्यभाराची पद्धत बंद करून, ही परिषद वर्गात भरवावी. विषय एकच ठेवावा, म्हणजे उदाहरणार्थ हातच्याची वजाबाकी. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या चुकलेल्या पाच वह्या आणाव्यात. एकाने तास घ्यावा, बाकीच्यांनी शिक्षकाकडे न पाहता मुलांच्या पाट्यांकडे पाहावं, आणि नंतर अर्धा तास ‘या मुलाने असं का लिहिलं’ एवढंच बोलावं. जपानमध्ये शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. यात शेरेबुक नको, गुणांकन नको, साहेब बसले तर त्यांनीही एक वही तपासावी. असे वर्षाला सात-आठ तास, वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहिलेले, झाले की कोणता शिक्षक चांगला, कोणाला मदत हवी आणि कोणाला खरोखरच घरी पाठवायला हवं, हे त्या केंद्रात कुणापासून लपून राहणार नाही. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. परिषदेच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत अहवाल मागवणं तेवढं थांबवावं लागेल.